मनगट मोडलंय? मग ‘माझं मी करते’ हा हट्ट सोडा!

पाय घसरला की आपण नकळत हात टेकवतो. सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलीस यांनी या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी केलं. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे असतं. खरी गडबड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते. दुखणं कमी झालेलं असतं, भेटायला येणारे येऊन गेलेले असतात आणि ‘एवढंसं तर काम आहे’ म्हणत कुकरचं झाकण, पाण्याची बादली, कपडे पिळणं सुरू होतं. पण दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपराच्या बाजूला असतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. त्यामुळे काहीही घट्ट धरलं की ताण मनगटावर येतो आणि बसवलेलं हाड सरकू शकतं.

त्यातही स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड फार त्रासदायक. अंगठा ताठ केला की त्याच्या बुडाशी खळगा दिसतो ना (तपकीर ओढणारे चिमूट ठेवायचे तोच), तिथे ते असतं. रक्त त्याला मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. मधेच मोडलं तर मागच्या तुकड्याचं रक्तच तुटू शकतं, म्हणून ते जुळायला कधी कधी तीन महिनेही लागतात. शिवाय पहिल्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर अनेकदा दिसत नाही. पडल्यावर त्या खळग्यात दुखत असेल तर ‘मुरगळलंय फक्त’ म्हणून सोडून देऊ नका, दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा.

आराम म्हणजे हात गळ्यात बांधून निपचित पडणंही नव्हे. सुरुवातीला हात उशीवर उंच ठेवा. डॉक्टरांना विचारून बोटं, कोपर, खांदा हलवत राहा, नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा आखडतो. बोटं निळी किंवा बधिर झाली, दुखणं वाढत गेलं, तर लगेच दवाखाना गाठा.

आता मदतीचं. ‘काही लागलं तर सांग’ असं सगळेच म्हणतात, पण सांगत कुणीच नाही. म्हणून काम नेमकं सांगा: वेणी घालून दे, भाजी चिर, क्लासला सोड. आणि प्लास्टर आईच्या हाताला असेल, तर तिने मागायची वाट बघू नका. ती मागणार नाही. ती उठायच्या आत कणीक मळून ठेवा.

प्लास्टर निघाल्यावरही मनगट आखडलेलं असतं, पकड परत यायला काही महिने जातात. त्यामुळे त्या संध्याकाळी पोळ्या पोळीभाजी केंद्रातूनच आणा.