पुढच्याला दुरुस्त करता येईल असं चित्र

तिरंग्यातल्या अशोकचक्राला २४ आरे आहेत. कागदावर ते काढायचे तर कंपास, कोनमापक आणि दर १५ अंशांवर एक खूण, एवढा खटाटोप आलाच. विकिपीडियावर भारताचा ध्वज ज्या फाइलमधून दिसतो, तिच्यात मात्र आरा एकदाच काढलेला आहे. तो १५ अंश फिरवून पुन्हा मांडला की झाले दोन. ही जोडी ३० अंशांनी फिरवली की चार, चौकडी ६० अंशांनी फिरवली की आठ. मग आठांचा तो गट १२० अंशांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवला की चक्र पूर्ण. आऱ्याजवळचा परिघावरचा ठिपकाही त्याच्याबरोबर फिरतो, त्यामुळे ठिपकेही आपोआप चोवीस होतात. उद्या कुणाला आरा किंचित जाड वाटला, तर एका ठिकाणचा आकडा बदलायचा. बाकीचे तेवीस निमूट मागे येतात.

असं चित्र नोटपॅडमध्ये उघडलं तर चित्र दिसतच नाही, मजकूर दिसतो. फोटोच्या फाइलमध्ये एकेका ठिपक्याचा रंग नोंदलेला असतो, म्हणून तो ताणला की फाटल्यासारखा दिसतो. इथे आकाराचं गणित लिहिलेलं असतं: केंद्र इथे, त्रिज्या एवढी, भराव निळा. मोबाइलच्या पडद्यावर दाखवा नाहीतर भिंतीएवढं छापा, कड तशीच धारदार. याला वेक्टर चित्र म्हणतात आणि विकिपीडियावर त्याचं रूप असतं एसव्हीजी. वेबवर वेक्टर चित्रं कशी लिहावीत यासाठी १९९८ साली अडोबी आणि तिचे सोबती एक प्रस्ताव घेऊन आले, मायक्रोसॉफ्ट आणि तिचे सोबती दुसरा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने दोन्ही बाजूला ठेवून नवं मानक घडवलं. एसव्हीजीची पहिली आवृत्ती सप्टेंबर २००१ मध्ये मान्य झाली. विकिपीडियाचा जन्मही त्याच वर्षीच्या जानेवारीतला. तरी दोघांची गाठ पडायला २००५ उजाडलं. तोवर विकिपीडियावरच्या आकृत्या म्हणजे पुसट स्कॅन आणि दातेरी कडांच्या लहान लहान प्रतिमा.

मोठं करूनही धारदार दिसणं हा एसव्हीजीचा गुण सगळे सांगतात. माझ्या मते तो दुय्यम आहे. ज्या विश्वकोशात कुणीही कुणाचंही वाक्य दुरुस्त करू शकतो, तिथे चित्र मात्र काढणाऱ्याच्याच हातात अडकून पडायचं. ती अडचण या प्रकाराने सोडवली. त्यामुळे इथे चांगला चित्रकार कोण, याचा निकष निराळा आहे: ज्याचं चित्र अनोळखी माणसाला उघडून, समजून घेऊन बदलता येतं, तो.

सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा चित्रसाठा विकिमीडिया कॉमन्सवर असतो. हा प्रकल्प सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाला. तिथे ग्राफिक्स लॅब नावाची कार्यशाळा चालते. फोटोंची, नकाशांची, रेखाचित्रांची दालनं वेगवेगळी. कुणी जुन्या पुस्तकातली खरवडलेली आकृती ठेवतो आणि ही नव्याने काढून हवी म्हणतो. कुणीतरी ती अंगावर घेतो, कच्चं रूप चढवतो. मग बाण उलटा आहे, हा रंग रंगांध वाचकाला वेगळा दिसणार नाही, या रेषेला आधार काय, अशा शंका येतात. शंका फिटल्या की विनंतीवर पूर्ण झाल्याचा शिक्का. बिदागी नाही, नाव फाइलच्या पानावर. पैशाचा प्रयोगही एकदा झाला: फिलिप ग्रीनस्पन यांनी दिलेल्या २०,००० डॉलरांतून चित्रांसाठी मानधनाची योजना आखली गेली. पण या कामाचा कणा राहिला तो हौसेचाच. मेक्सिकोच्या मारियाना रुईझ व्हिल्लारेयाल यांनी ‘लेडी ऑफ हॅट्स’ या नावाने पेशी, अवयव, प्राणी यांच्या शेकडो आकृत्या काढल्या आणि हक्क सोडून सार्वजनिक करून टाकल्या. प्राणिपेशीची त्यांची आकृती कितीतरी भाषांत फिरते आहे.

हत्यार बहुतेकांचं एकच, इंकस्केप. २००३ साली सोडिपोडी नावाच्या प्रोग्रॅममधून फुटून निघालेला हा फुकट आणि मुक्त प्रोग्रॅम आवृत्ती १.० पर्यंत पोचला तो मे २०२० मध्ये. त्यात रेघ ओढायची म्हणजे नोड टाकायचे आणि प्रत्येक नोडला फुटलेल्या दांड्या ओढून वळण साधायचं. नवख्याला वाटतं, जितके नोड तितकी अचूकता. खरा प्रकार उलटा. केळीच्या पानाची कड सहा नोडांत बसते. साठ घातले तर ती थरथरल्यासारखी दिसते आणि पुढच्याने ती सुधारायची म्हणजे साठ ठिकाणी हात घालायचा.

म्हणूनच स्वयंचलित ट्रेसिंगवर जाणत्यांचा राग. स्कॅन टाकला, बटण दाबलं, वेक्टर तयार! फाइल उघडून बघावी तर हजारो नोडांचा चिखल. अक्षरं, सावल्या, कागदाचे डाग, सगळ्यांचे आकार झालेले. काळ्या-पांढऱ्या स्वच्छ चिन्हाला हे चालून जातं, एरवी नाही. याहून निलाजरा प्रकार म्हणजे एसव्हीजीच्या वेष्टनात जसाच्या तसा फोटो कोंबणं. अशा फाइलींवर कॉमन्सवर ‘फेक एसव्हीजी’ अशी पाटीच लागते, आणि लागायलाच हवी.

शाळेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ या प्रश्नाला आपण सुबकपणासाठी झटायचो. इथे जीव जातो तो नामनिर्देशनात. मानवी हृदयाची आकृती घ्या. समोर उभ्या माणसाचं हृदय असल्यामुळे उजवं अलिंद चित्रात डावीकडे येतं, आणि चूक शोधल्याच्या आनंदात कुणीतरी डावं-उजवं बदलून जातो. धमन्या लाल, शिरा निळ्या हे पाठ केलेला दुसरा कुणी फुप्फुस धमनी लाल करतो. ती निळीच हवी. तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे जातं. असं काही झालं तरी फाइलचा इतिहास जपलेला असतो आणि जुनी आवृत्ती एका टिचकीवर परत आणता येते.

पण लेबलं लिहायची कशी? एक वाट म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारांत करायचं. मग ती कुठल्याही यंत्रावर हुबेहूब दिसतात, मात्र ती अक्षरं उरत नाहीत. बदलायची तर पुसून पुन्हा लिहा. दुसरी वाट मजकूर मजकूरच ठेवायची, आणि इथे फॉन्टचा घोळ सुरू होतो. वाचकाला विकिपीडियाच्या पानावर एरवी एसव्हीजी दिसत नाही. सर्व्हरवरचा लिबआरएसव्हीजी हा प्रोग्रॅम तिची पीएनजी प्रतिमा बनवून पाठवतो. त्या सर्व्हरवर फक्त मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. तुम्ही वापरलेला फॉन्ट तिथे नसला तर त्याच्या जागी दुसराच बसतो, आणि घरी मापात असलेला शब्द चौकटीबाहेर डोकावू शकतो. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्यांत चौकट आखून तिच्यात मजकूर ओतला, तर अपलोड झाल्यावर तिथे नुसता काळा ठोकळा दिसायचा. कारण ओतीव मजकुराची ती पद्धत एसव्हीजीच्या ज्या मसुद्यातली होती, तो कधी मानक झालाच नाही. या काळ्या ठोकळ्याने किती नवशिक्यांची पहिली रात्र खाल्ली असेल!

देवनागरीचं दुखणं आणखी एक. मराठीचे ल आणि श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आदेश काढून आपली वळणं ठरवून दिली. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण हवं तर मजकुराची भाषा मराठी आहे असं फाइलमध्ये नोंदवावं लागतं. एवढी एक नोंद राहिली की ‘शीला’ हिंदी वळणाची होते. वाचणाऱ्याचं काही अडत नाही, डोळ्याला मात्र खुपतं.

एवढी कटकट सोसूनही मजकूर मजकूर म्हणून ठेवावा, हेच माझं मत, आणि त्याला महाराष्ट्राचा नकाशा साक्षी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. ज्याने प्रत्येक जिल्हा सुटा आकार म्हणून नाव देऊन ठेवला होता, त्याच्या फाइलीत ठाण्याचे दोन तुकडे करणं तासाभराचं काम. सगळं सपाट करून टाकलेला नकाशा मुळापासून काढायचा. पुढे २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. त्यानंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. नाव अक्षरांत असेल तर नकाशाच्या बाबतीत हे सगळं चार शब्द टंकण्यापुरतं उरतं.

गावांच्या लेखांत दिसणारा ठिपक्याचा नकाशा ही तर निराळीच हुशारी. तिथे ठिपका कुणी काढलेला नसतो. नकाशा अशा प्रक्षेपणात घेतात की अक्षांश-रेखांशांची सरळ जाळी पडते. मग गावाचे अक्षांश-रेखांश लेखात लिहिले की त्रैराशिकाने ठिपका जागेवर येतो. एकच नकाशा, हजारो गावं.

सीमांच्या वादात मात्र हे कौशल्य उपयोगी पडत नाही. भारताचा नकाशा काढला की काश्मीर आलंच, आणि एका बाजूला पटणारी रेघ दुसऱ्याला पुसावीशी वाटते. कॉमन्सचा नियम असा: किरकोळ सुधारणा असेल तर त्याच फाइलवर चढवा, चित्राचा अर्थच बदलणार असेल तर नव्या नावाने वेगळी फाइल ठेवा. त्यामुळे वेगवेगळ्या सीमांचे नकाशे शेजारी शेजारी नांदतात आणि कुठला वापरायचा हे त्या त्या भाषेचा विकिपीडिया ठरवतो. भांडण संपत नाही, ते नकाशावरून उठून लेखाच्या चर्चापानावर जातं. निदान चित्रकार सुटतो.

मराठी विकिपीडियावरच्या कितीतरी आकृत्यांवर अजून इंग्रजी लेबलं आहेत. ती बदलायला चित्रकला येण्याची गरज नाही. एकाच फाइलीत अनेक भाषांची लेबलं ठेवायची सोय एसव्हीजीतच आहे, आणि एसव्हीजी ट्रान्सलेट या साधनात एका रकान्यात मूळ शब्द, दुसऱ्यात आपला, एवढंच भरायचं असतं. मग लेखात चित्र लावताना भाषा मराठी सांगितली की मराठी लेबलं उमटतात. अडतं ते जागेवर. ‘ऊर्ध्व महाशिरा’ला वर रफार, वेलांटी, ओळींत अंतर कमी ठेवलेलं असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात. आणि चित्रात हृदयाच्या डावीकडे असलेलं लेबल त्याच्या पहिल्या अक्षराशी बांधलेलं असेल, तर लांब मराठी शब्द वाढत वाढत थेट अलिंदावर चढतो. तेच शेवटच्या अक्षराशी, म्हणजे बाणाच्या बाजूला बांधलेलं असलं, तर शब्द मोकळ्या समासाकडे वाढतो. मूळ चित्रकाराने इंग्रजी लेबल बसवताना ही गाठ कुठल्या टोकाला मारली होती, त्यावर मराठी भाषांतर पाच मिनिटांचं होणार की तासाभराचं, ते ठरतं.