मुळावर आलेली तबकडी

गिरगावात एक निवृत्त व्हायोलिनवादक राहतात. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तीसेक वर्षं वाजवलं त्यांनी, पण एकाही तबकडीवर त्यांचं नाव नाही. दिवाळी अंकासाठी सिनेवादकांवर लिहायचं म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. चहा होईपर्यंत ते संगीतकार शंकर-जयकिशन, त्यांचे अरेंजर सॅबेस्टियन डिसोझा वगैरेंबद्दल बोलत होते. मग एकदम म्हणाले, "नव्वदच्या आसपासची गोष्ट. मेसेंजरचा, म्हणजे वादकांना बोलावणं धाडणाऱ्या माणसाचा, निरोप आला म्हणून एका ठिकाणी गेलो. गाणं नव्हतंच. काचेपलीकडचा पोरगा म्हणाला, अंकल, सी वाजवा. वाजवला. थांबा. आता हळू. आता जोरात. आता तोडून. मग डी. असं चार तास! पाकीट जाड मिळालं. नंतर त्या ठिकाणाहून निरोप यायचा बंद झाला. वर्षभराने कळलं, तिथे आता कीबोर्डवर माझाच सी वाजतो."

हे त्यांनी हसत सांगितलं. मला मात्र ते ऐकताना एक जुना माणूस आठवला, आणि संपादकांनी मागितलेला मुंबईचा लेख तिथेच शिकागोला गेला.

तो माणूस म्हणजे शिकागोचा जेम्स सीझर पेट्रिलो, 'अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स' या वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याचं म्हणणं असं की, बर्फ विकणाऱ्याने काही फ्रिज बनवला नाही, घोडागाडीवाल्याने मोटार बनवली नाही. आपल्या पोटावर पाय देणारं यंत्र स्वतःच्या हाताने घडवून देणारा कामगार एकच, तो म्हणजे रेकॉर्डिंगला वाजवणारा वादक. गिरगावातल्या अंकलनी पेट्रिलोचं नावही ऐकलेलं नाही.

संघटनेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते. 1896 मध्ये इंडियानापोलिस इथे ती स्थापन झाली. त्याआधी 'नॅशनल लीग' नावाची वादकांची एक संस्था होती, पण तिच्या पुढाऱ्यांना सुतार-लोहारांच्या महासंघात बसायला लाज वाटायची. आम्ही कलावंत, कामगार नव्हे, असा त्यांचा बाणा. हा बाणा आपल्याकडेही ओळखीचा आहे; बिदागी हातात घेताना रक्कम न मोजणं हा खानदानीपणा समजला जातो. नव्या संघटनेने तो सोडला आणि मजुरीचे दर ठरवले. शहरोशहरी तिच्या शाखा निघाल्या, त्यांना 'लोकल' म्हणतात आणि प्रत्येकीला नंबर असतो. शिकागोची 10, लॉस एंजेलिसची 47, न्यूयॉर्कची 802.

एक गोष्ट मात्र उरकून चालणार नाही. गावात दोन पाणवठे असावेत तशा या लोकलही दोन-दोन होत्या. शिकागोत गोऱ्यांची 10 आणि 1902 पासून काळ्यांची 208. लॉस एंजेलिसमध्ये 47 आणि 767. तिथल्या दोन एक झाल्या 1953 मध्ये, तेही काळ्या वादकांनीच रेटा लावला म्हणून. शिकागोला 1966 उजाडलं. जॅझसारखं संगीत ज्यांनी जगाला दिलं, त्यांना आपल्याच संघटनेत वेगळ्या दाराने यावं लागत होतं. पेट्रिलोचं कौतुक करताना मी अडखळते ती इथे.

पहिला मोठा तडाखा बोलपटाचा. मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे बसून वाजवणारे सुमारे 22,000 वादक अमेरिकेत होते. 1927 नंतर काही वर्षांतच त्यांतल्या बहुतेकांवर घरी बसायची पाळी आली. संघटनेने 1930 मध्ये वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती दिल्या. त्यांत एक यंत्रमानव वाद्यांचा खिमा करताना दाखवला होता, आणि प्रेक्षकांना आवाहन होतं की या डबाबंद संगीताला नकार द्या. प्रेक्षकांनी काही तो दिला नाही. आपल्याकडे 14 मार्च 1931 ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडद्यापुढच्या बाजा-तबलावाल्यांची तीच गत झाली. त्यांच्यासाठी कुणी जाहिरात दिल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

पेट्रिलो जाहिरातींवर विसंबणारा नव्हता. इटलीहून आलेल्या, गटारांत राबणाऱ्या मजुराचा हा मुलगा. शाळेत चौथीपुढे गेला नाही, ट्रम्पेट बेताचंच वाजवायचा. जंतूंची अशी धास्ती की हस्तांदोलनाला करंगळी पुढे करायचा. 1922 पासून शिकागो लोकलचा आणि 1940 पासून साऱ्या संघटनेचा अध्यक्ष. 1 ऑगस्ट 1942 ला त्याचं फर्मान लागू झालं: आजपासून कोणत्याही कंपनीसाठी तबकडीवर वाजवायचं नाही. महायुद्ध चालू, आणि हा म्हणतो वाद्यं खाली ठेवा. वर्तमानपत्रांनी त्याला हुकूमशहा ठरवलं.

बंदीचा तो काळ मला फार आवडतो, कारण संगीत कुठून कुठून वाट काढतं ते त्यात दिसतं. 'कासाब्लांका' चित्रपट गाजला, पण त्यातलं लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं नव्याने रेकॉर्ड करता येईना; मग कंपनीने 1931 ची रूडी व्हॅलीची जुनी तबकडी बाहेर काढून विकली. गायक संघटनेत नव्हते, त्यांच्यावर बंदी नव्हती. म्हणून सिनात्रा, डिक हेम्स यांची गाणी नुसत्या कोरसवर रेकॉर्ड झाली. त्यांतली दोन-तीन मी हेडफोन लावून ऐकली. जिथे व्हायोलिनांचा ताफा यायला हवा तिथे आठ-दहा माणसं तोंड मिटून हुंकारतायत, आणि जिथे ब्रासचा ठोसा हवा तिथे "बा-बा" म्हणतायत. आधी हसू येतं. मग दुसऱ्या कडव्यात तुम्ही नसलेली व्हायोलिनं ऐकू लागता. संपाचा इतका स्पष्ट आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. पुढे दबाव आला आणि गायकांनीही हे थांबवलं.

माउथ ऑर्गनची तर आणखीच मजा. संघटनेच्या लेखी ते खेळणं होतं, वाद्य नव्हे, त्यामुळे ते वाजवणाऱ्यांना बंदी लागू होत नव्हती! पुढे त्या खेळण्याच्या तबकड्या धडाधड खपल्या आणि 1948 मध्ये त्याला वाद्याचा मान मिळाला. नुकसानही मोठं झालं. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी जॅझमधली बीबॉप शैली घडवत होते तो अर्ल हाइन्सच्या बँडमधला काळ नेमका बंदीत सापडला. ते दोघे असतानाची त्या बँडची एकही व्यावसायिक तबकडी नाही. सैनिकांसाठी वादकांनी फुकट वाजवलं, पण त्या तबकड्या विकायच्या नाहीत आणि काम झालं की नष्ट करायच्या, या अटीवर.

डेका ही रेकॉर्ड कंपनी सप्टेंबर 1943 मध्ये वाकली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वतः बंदी उठवायची विनंती केली, तीही पेट्रिलोने मानली नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये आरसीए आणि कोलंबियानेही करारावर सह्या केल्या. एवढं लढून त्याने मिळवलं काय? स्वस्तातल्या तबकडीमागे पाव सेंट, महागड्या तबकडीमागे थोडे जास्त. आणि ते पैसे ती तबकडी वाजवणाऱ्याला जाणार नव्हते. ते एका निधीत जमायचे, आणि त्यातून काम नसलेल्या वादकांना मजुरी देऊन बागांत, शाळांत, इस्पितळांत लोकांसाठी फुकट कार्यक्रम करायचे.

संघटनेच्या साऱ्या कारभारात मला खिळवून ठेवलं ते या यंत्रणेने. तबकडीमुळे ज्याचं काम गेलं, त्याला तबकडीनेच काम द्यायचं, तेही दान म्हणून नाही, वाजवण्याची मजुरी म्हणून. अमेरिकन काँग्रेसने 1947 मध्ये संघटनेच्या ताब्यातल्या अशा निधीवर कायद्याने बंदी आणली. पेट्रिलोने 1948 मध्ये पुन्हा जवळजवळ वर्षभर रेकॉर्डिंग बंद पाडलं आणि निधी स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती देऊन जिवंत ठेवला. तो विश्वस्त निधी आजही आहे.

पण घरातूनच भांडण उभं राहिलं. हॉलिवूडच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्यांना दिसू लागलं की आपण वाजवलेले चित्रपट टीव्हीला विकले जातायत आणि त्याचे पैसे निधीत जातायत. म्हणजे कुठल्या तरी गावात रविवारी बँड वाजवणाऱ्या आणि एरवी दुकान चालवणाऱ्या सभासदाला. 1956 मध्ये लॉस एंजेलिसच्या लोकलमध्ये सेसिल रीड या ट्रम्पेटवादकाने बंड केलं. त्याला काढून टाकलं. त्याने वेगळं गिल्ड काढलं आणि 1958 मध्ये मोठ्या स्टुडिओंतल्या वादकांनी मतदान करून ते निवडलं. त्याच वर्षी पेट्रिलो अध्यक्षपदावरून उतरला. 1961 मध्ये गिल्ड संघटनेत परत आलं, आणि 1964 पासून रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्यांनाही विक्रीतला वाटा थेट मिळू लागला. बरोबर कोण होतं? माझं मत रीडच्या बाजूने आहे, मन पेट्रिलोच्या.

आज अडचणी इतक्या आहेत की त्यांच्यापुढे 1942 सोपं वाटावं. बंदी घातली की तेव्हा कारखाना थांबायचा. आता चित्रपटाचं पार्श्वसंगीत लंडनला, प्रागला, बुडापेस्टला नेतात, एकरकमी पैसे देतात, पुढचा हिशेबच नाही. तबकडी खपली की पाव सेंट मोजता यायचा. स्ट्रीमिंगमध्ये काय मोजायचं, इथपासून वाद. 2024 च्या सुरुवातीला संघटनेने हॉलिवूडच्या निर्मात्यांशी करार केला. त्यात स्ट्रीमिंगमधला वाटा वाढवून घेतला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबतही कलमं घातली. पण करारात नसलेल्या कंपन्या, आधीच गिळलेली लाखो तासांची रेकॉर्डिंगं यांचं काय? तिथे कलम कुणाला दाखवणार? सी वाजवा, थांबा, असं म्हणायला आता कुणाला बोलवावंही लागत नाही.

मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशन पन्नासच्या दशकापासून आहे. वादकांच्या श्रेणी आणि त्यांचे दर ठरले, कामाचे तास ठरले, आणि ते काम लहान नव्हतं. पण तबकडीमागे पाव सेंट असा प्रकार इथल्या वादकाला ठाऊक नाही. शिफ्ट संपली, पैसे घेतले, हिशेब मिटला.

लेख लिहून झाल्यावर मी पुन्हा गिरगावात गेले आणि अंकलना निधीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "म्हणजे माझ्या सीचे पैसे तिकडच्या एखाद्या रिकाम्या चेलोवाल्याला मिळाले असते?" मी हो म्हटलं. मग मी विचारलं, त्या चार तासांनंतर कशावर सही घेतली होती का? "घेतली होती," ते म्हणाले. "इंग्रजी कागद होता, तीन पानांचा. वाचला नाही. सातची फास्ट पकडायची होती."