संचातला कागद कळत नसेल तर

आमच्या बचत गटाने सौर दिव्यांचे सुटे भाग मागवले. रात्रीच्या लाइनवर संत्र्याला पाणी द्यायला जाताना दिवा हाताशी लागतोच; घरीच जोडले तर चार पैसेही सुटतील, हा विचार. खोका उघडला तर आत बारीक इंग्रजी कागद, चित्रं पुसट. पहिला दिवा अंदाजाने जोडला, तो पेटलाच नाही. गटाचे पैसे अडकलेले! मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दादांना बोलावून शिकलो. तेच आज सांगतो.

कागद बोलत नसला, तरी भाग बोलतात. आधी सगळे भाग ताटात मांडा, मोजा, सारखे सारखे वेगळे करा.

रंगीत पट्ट्यांचा छोटा भाग म्हणजे रेझिस्टर. तो वीज आवरून धरतो. सोनेरी पट्टा उजव्या हाताला ठेवून डावीकडून वाचा. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन आकडे, तिसरा किती शून्यं ते सांगतो. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १००० ओहम. हा भाग कसाही बसवला तरी चालतो.

एलईडीचं तसं नाही. लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. डब्यासारख्या कपॅसिटरवर ज्या बाजूला पट्टा, तो पाय उणे. आपल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीवर संत्र्याचा डोळा बांधताना तो उलटा होऊ देत नाहीत, तसंच हे.

सोल्डरिंग करताना गरम टोक आधी पाय आणि पत्रा दोन्हींना टेकवा, मग तार लावा. डाग चकचकीत दिसला तर पक्का. गोळी होऊन नुसता बसला तर कच्चा. तारेत शिसं असू शकतं. म्हणून खिडकी उघडी ठेवा, लेकरांना दूर ठेवा, हात धुतल्याशिवाय जेवू नका.

एकीने मोठ्याने वाचावं, दुसरीने जोडावं, तिसरीने तपासावं. बॅटरी सगळ्यात शेवटी, अधिक-उणे दोनदा पाहूनच.

हे काही शिकलेल्यांचंच काम नव्हे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात शाळकरी मुलांचे सौर दिवे गावच्याच माणसांनी जोडले. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बाया तर पुढे सौर पॅनेल बनवू लागल्या.

आमच्या पहिल्या दिव्यात एलईडी उलटा बसला होता. काढून फिरवला, लागला! त्याच दिवशी आम्ही आमचा मराठी कागद लिहिला: कोणता भाग, कोणता रंग, कोणती बाजू, काय चुकलं. आता नवी बाई गटात आली की आधी तो कागद तिच्या हाती देतो. तुम्हीही तुमचा लिहून ठेवा.