सेंद्रिय कॉफीचा फायदा कुणाला?

सेंद्रिय कॉफी घेणारा बहुधा स्वतःच्या तब्येतीचा विचार करतो. पण बिया २०० अंशांच्या आसपास भाजल्या जातात. कपात कीटकनाशक फारसे उरत नाही. धडधडही कमी होणार नाही, कॅफीन तेवढेच!

खरा फायदा मळ्यातल्या मजुराचा. कोडगू, चिकमगळूरकडे अरेबिकाच्या खोडकिड्यावर क्लोरपायरीफॉस फवारतात. ते त्वचेतून, श्वासातून अंगात भिनते. जास्त गेले तर लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. ॲट्रोपिन वेळेत न मिळाल्यास श्वासही थांबू शकतो.

सेंद्रिय मळ्यात हे औषध चालत नाही. तिथे सावली दाट राखतात, किडलेली झाडे उपटून जाळतात. त्याला मजूर जास्त लागतात. फेअरट्रेडमध्ये किमान भाव बांधलेला असल्याने हा खर्च शेतकऱ्याला झेपू शकतो. पाकिटावर ‘जैविक भारत’ आणि फेअरट्रेड ही दोन्ही चिन्हे मात्र शोधावीत. नुसते ‘नैसर्गिक’ म्हणजे सेंद्रिय नव्हे.