कातडीतून उडणारं पाणी

2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासून लातूरकराला लिटरचा हिशेब शिकवावा लागत नाही. तरी एक खर्च त्याच्या वहीत कधी चढत नाही. घामाचा थेंबही न येता माणसाच्या कातडीतून दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडून जातं!

खरं आश्चर्य मात्र हे, की ते इतकं कमी उडतं. बाष्पीभवन मोजण्यासाठी हवामान केंद्राच्या आवारात पाण्याचं उघडं भांडं ठेवलेलं असतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्यातली पातळी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उतरते. निरोगी कातडीचा हिशेब त्याच मापात मांडला, तर जेमतेम पाव मिलिमीटर भरतो. पाणी धरून ठेवणारा वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्धांशाचा. जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, बस्स.

इसबात हाच थर कमकुवत होतो आणि पाणी जास्त गळतं. काहींच्या बाबतीत दोष जन्मजात असतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड आणि इसब यांचं नातं 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

ही गळती मोजायची कशी? दोन्ही बाजूंनी उघडी, छोटीशी पोकळ नळी हातावर टेकवायची. आत काही मिलिमीटरच्या अंतराने, खाली आणि वर, आर्द्रता आणि तापमान टिपणारे संवेदक. कातडीजवळची हवा जास्त दमट, वरची कमी. या फरकावरून वाफ किती वेगाने निघतेय ते कळतं. सूत्र अडॉल्फ फिक यांचं, 1855चं. उपकरण स्वीडनमधल्या लिंकोपिंगचं, 1970च्या दशकातलं. सुई नाही, टोचणं नाही. निरोगी हातावर आकडा साधारण 5 ते 10 येतो, म्हणजे चौरस मीटरमागे तासाला तेवढे ग्रॅम. इसबाच्या चट्ट्यावर तो दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही वर जातो. गंमत अशी, की त्याच रुग्णाच्या साफ दिसणाऱ्या कातडीवरही तो बऱ्याचदा चढाच असतो. डोळ्याला जे दिसत नाही ते नळीला कळतं.

पण नळीचे नखरे फार. आधी पंधरा-वीस मिनिटं 20-22 अंशांच्या खोलीत बसायचं, पंखा बंद, वर फुंकर नको, बोलण्याचा श्वासही नको. लातूरच्या चाळिशीपार उन्हातून आलेल्या माणसाला लगेच नळी लावली, तर ती घामच मोजेल. म्हणून हे यंत्र अजून मुख्यतः संशोधकांचं. ओपीडीत डॉक्टरांचे डोळे आणि बोटंच चालतात.

आयर्लंडमधल्या कॉर्क इथे दोन दिवसांच्या बाळांच्या हातावर ही नळी लावली. ज्यांची गळती जास्त, त्यांना वर्षाच्या आत इसब होण्याची शक्यता जास्त, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. मग सगळ्याच बाळांना मलम चोपडून इसब टळेल का? ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने 2020 मध्ये सांगितलं, नाही टळत. ज्यांना इसब झालाच आहे, त्यांना मात्र मॉइश्चरायझरचा नक्की उपयोग होतो. अंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत, हात राखून नव्हे तर भरपूर लावा. आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद करू नका.