केशकर्तनाची धास्ती आणि मराठी शब्द

लांब केस थोडेसे कापून घेण्याच्या प्रसंगीही पुष्कळ स्त्रियांच्या मनात धास्ती उत्पन्न होते. वस्तुतः त्वचेबाहेरील केस निर्जीव असतो. तो कापल्याने वेदना होत नाहीत, आणि मुळाशी तो महिन्यास सुमारे १ सेंटिमीटर वाढतच असतो. या धास्तीचे एक कारण शब्दव्यवहारात शोधता येईल.

मंगल वस्तूंच्या बाबतीत मराठी भाषा नाशवाचक क्रियापद टाळते. बांगडी ‘वाढते’, नारळ ‘वाढवतात’, बालकाचे जावळ ‘काढतात’. स्त्रीच्या केसांना मात्र ‘वपन’ हा शब्द दीर्घकाळ चिकटून राहिला. ब्राह्मण व अन्य काही जातींत पतिनिधनानंतर विधवेचे केशवपन करीत. त्यातूनच ‘बोडकी’ ही शिवी रूढ झाली, आणि केस राखणाऱ्या विधवेस ‘सकेशा’ म्हणू लागले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून असे वपन न करण्याचा निर्धार केला.

ती रूढी मागे पडली, परंतु शब्दांविषयीचा संकोच उरला असावा. मानपाड्यासारख्या उपनगरातील केशकर्तनालयात ‘केस कापा’ असे न म्हणता ‘टोके सारखी करा’ किंवा ‘ट्रिम करा’ असे म्हटले जाते, ते याच संकोचामुळे. ‘ट्रिम’ या परक्या शब्दास वपनाची स्मृती नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो. यास्तव अशा धास्तीस हसू नये. कात्री लावण्यापूर्वी ‘किती बोटे?’ एवढे विचारून घ्यावे.