पाटीवरचे गाव, माणसांतले गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याचा पश्चिम भाग म्हणजे अफाट गवताळ माळरान. नजर क्षितिजापर्यंत जावी आणि वाटेत तिला अडविणारे झाड क्वचितच भेटावे, असा हा प्रदेश. त्यातील ग्रॅहम काउंटीतून चोवीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा एक प्रशासकीय विभाग.) या मार्गाच्या कडेला एका लहानशा वस्तीपाशी इतिहासाची माहिती देणारी पाटी उभी आहे. मोटारींची वर्दळ वाढू लागली तेव्हा, १९२७ साली, व्हर्जिनिया राज्याने अशा पाट्या पद्धतशीरपणे लावण्यास आरंभ केला. पुढे इतर राज्यांनीही तो कित्ता गिरविला. वाटसरूने क्षणभर थांबावे, दहा-पंधरा ओळी वाचाव्यात आणि पुढे जावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

ही पाटी निकोडेमस या गावाची आहे.

यादवी युद्धानंतर अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ना जमीन आली, ना सुरक्षितता. अशा वेळी, १८७७ च्या एप्रिलमध्ये, डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हे गोरे गृहस्थ यांनी काही सहकाऱ्यांसह या गावाची योजना आखली. केंटकी राज्यात तिची जाहिरात झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसे येथे येऊन पोहोचली. आगगाडी एलिसपर्यंतच होती. पुढचे पस्तीस मैल पायी.

आल्यावर त्यांना काय दिसले? विलियाना हिकमन ही स्त्री १८७८ च्या वसंतात पतीसमवेत आली. उतारवयात तिने ती आठवण सांगून ठेवली आहे. सोबतचे लोक आनंदाने गाव आले म्हणून ओरडू लागले, पण तिला कोठेच गाव दिसेना. पतीने बोट दाखविले ते जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे. त्या माळावर घरांसाठी लाकूड नव्हते, म्हणून माणसे जमीन खोदून तिच्या पोटात राहत होती. ते पाहून तिला रडू कोसळले. काही कुटुंबे तेथूनच माघारी वळली, पण हिकमन कुटुंब राहिले.

पहिला हिवाळा उपासमारीचा गेला. त्या वेळी शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस या नवागतांना दिले, असे गावकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्याच ओसेजांना काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधील आपली भूमी सोडून दक्षिणेकडे जावे लागले होते. ज्यांची भूमी गेली, त्यांनीच भूमीच्या शोधात आलेल्यांना घास दिला!

जेनी फ्लेचर हिने अशाच एका भुयारी घरात मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला. अंगावर धड वस्त्र नाही, उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, अशा वेळीही या माणसांना शाळा हवी होती. आयुष्य अध्यापनात घालविलेल्या मजसारख्याला या गोष्टीचे विशेष मोल वाटते.

दहा वर्षांत गाव भरभराटीस आले. दुकाने, प्रार्थनामंदिरे, दोन वृत्तपत्रे निघाली. येथेच येऊन स्थिरावलेले एडवर्ड मकेब १८८२ साली राज्याचे हिशेबनीस म्हणून निवडून आले. आता आगगाडी आली की गावाचे भाग्य उजळणार, या आशेने गावकऱ्यांनी रेल्वेसाठी सोळा हजार डॉलरांच्या कर्जरोख्यांना संमती दिली. परंतु १८८८ साली लोहमार्ग गेला तो सॉलोमन नदीच्या पलीकडून. व्यापारी उठून रुळांजवळच्या नव्या बोग गावी गेले, आणि त्यांच्यामागून गावातले पुष्कळ लोक पांगले. १९५३ साली टपाल कचेरीही बंद झाली.

अशी कितीतरी गावे त्या माळावर नामशेष झाली. निकोडेमस मात्र टिकले. डेन्व्हर, कॅन्सस सिटी अशा शहरांत पांगलेले वंशज दर वर्षी जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी गावी परततात. एरवी बोटांवर मोजावी इतकीच घरे असलेले गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जाते. थोरली माणसे धुराची गोष्ट सांगतात, ओसेजांची गोष्ट सांगतात, नातवंडे ती ऐकतात. गावाला १९७६ साली राष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली आणि १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. तेही त्या सांगणाऱ्यांमुळेच. जुने सभागृह, शाळा, प्रार्थनामंदिर अशा पाच वास्तू आता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या या स्थळात मोडतात.

पाटी उपयोगी खरीच. ती नसती तर वाटसरू थांबलाच नसता. पण पाटीवर सन मावतो, संख्या मावते, विलियानाचे अश्रू मावत नाहीत. ते माणसांच्या तोंडीच राहतात आणि सांगणारा गेला की त्याच्यासवे जातात.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावलेल्या आपल्या घरांच्या दारांवर कोणी पाटी लावलेली नाही. आपले पूर्वज कोणत्या साली, कोणाच्या चाकरीत, किती चीजवस्तू घेऊन आले आणि पहिल्या वर्षी त्यांना कोणी हात दिला, हे आज घरातील एखाद्या वृद्ध आत्याबाईंनाच ठाऊक असेल. येत्या दिवाळीत चार भावंडे एकत्र जमतील, तेव्हा त्यांना मध्ये बसवून एवढे विचारावे, आणि घरातील धाकट्याने ते वहीत उतरवून घ्यावे.